इकडे सर्व बराबर आहे

मु. तीर्थपुरी, आश्विन वद्य पंचमी

व्याहीबुवा बद्रीनाथराव, राहणार मस्तगड, जालना, यांस तीर्थपुरीहून रखमाजीचा हात जोडून रामराम.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. नातू झाल्याची आपली चिठ्ठी दसऱ्याच्या अगोदर पोचली. त्याच दिवशी साखर वाटली आणि उत्तर लिहायला ओसरीवर बसलो, ते आज लिहून होत आहे. दरवेळी रामरामापर्यंत लेखणी बरी चालायची आणि पुढे "आम्ही सर्व खुशाल आहोत" ही ओळ आली की थांबायची. खोटे लिहिण्याची मला सवय नाही (आमचे मास्तर मी दुसरीत असतानाच बदलून गेले, त्यामुळे खरे लिहिण्याचीही फारशी सवय नाही). अक्षर लागले नाही तर अंदाजाने वाचावे. मी अंदाजानेच लिहिले आहे.

आपली कंबर कशी आहे? आश्विनात सकाळी दव पडते, अनवाणी अंगणात उतरत जाऊ नये. बाळाला कोवळ्या उन्हात धरता का? फार वेळ धरू नये. अगदीच धरत नसाल तर तेही बरे नाही. आमची लेक नंदा बाळपणी दूध पिताना ठसकायची, ते बाळात उतरले असेल का, हा विचार दसऱ्यापासून माझ्या मनात आहे. ठसका लागल्यास कळवावे, न लागल्यास तसेही कळवावे.

आमच्या घरचे माणूस भाद्रपदापासून आपल्याकडे आहे. विहीणबाई गेल्यापासून आपल्या घरात वडीलधारी बाई नाही, नंदाची प्रकृती तोळामासा, तेव्हा तिने तिथे राहणे योग्यच आहे आणि माझी काहीएक तक्रार नाही. तिला परत पाठवा असे सांगण्यासाठी हे पत्र नाही, हे आपण नीट ध्यानात घ्यावे. आमचा शेजारी ख्वाजामियाँ पिंजारी नवरात्राच्या तोंडावर जालन्याला आला होता, त्याच्याबरोबर मी तिला निरोप धाडला की इकडे सर्व बिलकुल बराबर आहे, तुझ्यावाचून काही अडत नाही. तिला तिकडे घोर लागू नये एवढाच हेतू होता. तर तिने उलटा निरोप पाठवला की "अडत न्हाई ना? मंग मी तुळशीचं लगीन उरकूनच येते." मी ख्वाजामियाँला विचारले की तू नेमके काय बोललास. तो म्हणाला, "काका, तुम्ही जे बोल्ले तेच मी बोल्लो. वर एक सलाम तेवढा माझा होता." म्हणजे सलामाने काही बिघडले असेल असे वाटत नाही.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. सूनबाई दुर्गा माहेरी परतूरला जाणार, रामकिसन तिला पोचवायला म्हणून जाणार आणि सासुरवाडीचे लोक त्याला भाऊबीजेपर्यंत सोडणार नाहीत. पाडव्याला घरात मी आणि बैल. लग्न झाल्यापासून पाडव्याचे ओवाळणे कधी चुकलेले नाही, पण मला एकांताची आवड आहे आणि बैलही शांत आहेत. (हा मजकूर घरात मोठ्याने वाचू नये. आपली पत्रे मोठ्याने वाचण्याची सवय नंदाकडून ऐकून आहे.)

तिला सांगावे की यंदाचा आश्विन फार छान आहे. पहाटे शेतावर गेले की कपाशीवर धुके बसलेले असते आणि त्यातून पांढरी बोंडे अशी दिसतात की धुके कुठे संपले आणि कापूस कुठे लागला ते कळत नाही. बांधावरची सीताफळे डोळे उघडू लागली आहेत. दुपारी उन्हात पाठ करून बसावे, उकडलेल्या शेंगा पुढ्यात घ्याव्यात, आणि शेंग सोलता सोलता आपण कशाचा विचार करत होतो तेच विसरून जावे, असे दिवस आहेत. मी तसा बसतो. शेंगा सोलतो आणि दाणे शेजारच्या पाटावर ठेवत जातो. त्या पाटावर कुणी नाही हे टरफलांचा ढीग झाल्यावर लक्षात येते.

नवरात्राचे सांगायचे राहिले. घट दरसाल तीच बसवते. यंदा मी बसवला. शेतातली काळी माती चाळून पत्रावळीवर पसरली, सात धान्ये पेरली, मधे घट ठेवला. आपल्याला माहीत आहे की आमच्या गावात दसऱ्याला ज्याच्या त्याच्या घटाची उगवण बघतात आणि त्यावरून रब्बीचा अंदाज बांधतात, त्यामुळे माझ्या जिवाला चैन नव्हते. पाणी किती घालायचे हे तिने कधी सांगितले नाही, मी कधी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मला माती कोरडी वाटली, म्हणून सूनबाईची पाठ फिरल्यावर मी गुपचूप ओंजळभर पाणी घातले. सूनबाईला वाटले मामंजी विसरले असतील, सांगावे तर त्यांना राग येईल, म्हणून तिने गुपचूप घातले. रामकिसनला वाटले की बाबा आणि ही दोघेही विसरली असतील. आम्ही तिघे रोज एकमेकांची पाठ चुकवून देवघरात जात होतो आणि बाहेर येताना सगळ्यांचेच चेहरे भाविक असत. पाचव्या माळेला घटाखालून ओघळ निघाला आणि देवघराचा उंबरा ओलांडून माजघरात आला. रामकिसन म्हणाला, देवी प्रसन्न झाली असेल. सूनबाई म्हणाली, देवी घामाघूम झाली असेल. ती एरवी माझ्यापुढे बोलत नाही.

धान्य उगवले, पण कसे म्हणाल तर पिवळे, लांबोडके, आणि सगळे एका अंगाला झोपलेले. दसऱ्याला ते पागोट्यात खोवले तर माझ्या डोळ्यांवर आले. रामराव पाटलांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, "रखमाजी, यंदा पीक येणार हाय का वाहून जाणार हाय?" मी सांगितले की भरपूर ओल राहील असा कौल आहे. त्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवून खालच्या रानात हरभऱ्याऐवजी गहू टाकायचे ठरवले आहे. तेव्हापासून मी आभाळाकडे बघत असतो आणि पाटलांच्या वाटेने जात नाही. (हेही मोठ्याने वाचू नये.)

दसरा झाल्यावर बाळासाठी गादी करावी असे मनात आले. पहिल्या वेचणीचा कापूस घरचा होता. ख्वाजामियाँने अंगणात कमान टांगली आणि पिंजायला बसला. पिंजाऱ्याच्या कमानीच्या तातीचा आवाज आपण ऐकला असेलच. एकदा सुरू झाला की अंगण, चिंच, भिंतीवरचे ऊन, सगळे त्याच सुरात हलू लागते. कापसाचे तुकडे वर उडून उन्हात तरंगत होते आणि खाली यायला त्यांना मुळीच घाई नव्हती. मी त्यातले थोडे घेऊन वाती वळायला बसलो. दिवाळीच्या वाती तीच वळते, पायरीवर बसून, मांडीवर तळहात फिरवत, तोंडाने कुणाची तरी चौकशी करत. माझ्या वाती मधे फुगीर आणि टोकाला केसासारख्या झाल्या. ख्वाजामियाँ म्हणाला, "काका, ह्या वाती हायेत का उंदरं?" मी म्हटले, तू आपली कमान बघ.

त्याच कापसात मी सीताफळे पिकायला ठेवली होती. धान्याच्या कणगीत ठेवली तर मी रोज जाऊन दाबून बघत होतो आणि फळे पिकण्याऐवजी काळी पडत होती, म्हणून सूनबाईने ती माझ्यापासून लपवली. मी ती शोधून काढली आणि तिच्यापासून पिंजून झालेल्या कापसाच्या ढिगात लपवली. हे ख्वाजामियाँला सांगणारच होतो. पण त्या आवाजात माझा डोळा लागला. मला वाटले की ती पायरीवर बसली आहे, तिच्या केसांत कापूस अडकला आहे, आणि ती म्हणते आहे की आता उठा, घारगे गार होतात. इतके खरे वाटले की मी झोपेतच हात धुवायला उठलो. जागा झालो तेव्हा गादी शिवून झाली होती, ख्वाजामियाँ खोळीच्या शिवणीचा दोरा तोडत होता, आणि घरात घारग्यांचा वास खरोखर सुटला होता. लाल भोपळ्याचे घारगे सूनबाईने केले होते. चांगले होते. तिच्या हातचे फुगतात, सूनबाईच्या हातचे फुगत नाहीत, पण चव तिचीच आहे. मी ते खाताना बोललो नाही, तर सूनबाईला वाटले की मला आवडले नाहीत, आणि ती चुलीपाशी जाऊन डोळे पुसत बसली. रामकिसन मला म्हणाला, "बाबा, एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? आई बोलती." मी आत जाऊन सांगितले की घारगे झकास आहेत. ती म्हणाली, धुराने डोळे चुरचुरतात, दुसरे काही नाही.

गादीचे मागाहून कळले. रामकिसनने ती बघायला म्हणून तीवर बसून पाहिली आणि त्याच पावली उठला. उसवली, सीताफळे काढली, कापूस धुऊन वाळत घातला. परत पिंजावा लागला. ख्वाजामियाँ आठ वर्षांच्या मुलीला सांगावे तसे मला सांगत होता की गादीत कापूस भरायचा असतो. आता गादी चांगली झाली आहे. गराचा वास किंचित आहे, पण बाळाला आवडेल. बिया एखाददुसऱ्या असतील तर अंथरण्यापूर्वी चाचपून घ्यावे.

शेवटची गोष्ट आकाशकंदिलाची, आणि ती थोडक्यात सांगतो. कामट्या तासल्या, सांगाडा बांधला, रंगीत कागद आणला. सूनबाईला ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायला सांगितली. तिने हाताच्या सवयीने खळीत मीठ घातले आणि, मला वाटते, थोडे जिरेही. कंदील सुरेख चिकटला. वाळायला अंगणात ठेवला आणि ख्वाजामियाँच्या शेळीने हिरव्या कागदापासून सुरुवात करून तो साफ खाल्ला. आम्ही पोचलो तेव्हा ती झिरमिळ्यांवर आली होती. अजीजुन्निसाभाभी, म्हणजे ख्वाजामियाँच्या घरचे माणूस, शेळीला रागे भरायला आल्या आणि उलट मलाच म्हणाल्या, "भाऊसाब, भाभीला बुलवून घ्या. तुमच्यानं घर होत न्हाई." नुसता सांगाडा उरला आहे, तो मी तसाच चिंचेला टांगला. संध्याकाळची चांदणी पश्चिमेला येते, आणि मी ओसरीच्या कोपऱ्यात ठराविक जागी बसलो तर ती त्या कामट्यांच्या बरोबर मधोमध दिसते. तेल नको, वात नको. जराशाने ती खाली सरकते, मग मी उठतो.

आपल्यापुढे हे सर्व लिहायला मला संकोच वाटतो. माझे माणूस दोन महिने दुसऱ्या गावी आहे आणि मी पानेच्या पाने भरतो आहे. आपण विहीणबाईंच्या माघारी इतक्या दिवाळ्या काढल्या आणि कधी एका ओळीने कुणाला लिहिले नाही. आपण कसे करता, हे भेटीत विचारीन.

नंदाला व बाळाला आशीर्वाद. जावईबापूंना रामराम. लोभ आहे तो वाढवावा.

आपला,
रखमाजी

ता. क. : गादी पाडव्याच्या अगोदर पोचली पाहिजे. रामकिसन परतूरला जाणार असल्याने गाडी घेऊन मलाच निघावे लागेल. गादी दारात उतरवून मी लगेच माघारी फिरेन. मुलीच्या घरी सणावारी न बोलावता मुक्काम करणारा मी नाही, हे आपण जाणता.

आणखी ता. क. : बोलावल्यास गोष्ट निराळी. आपण दोन ओळींचे बोलावणे पाठवावे की दिवाळीला इकडे यावे. ते आपल्या मनाने लिहिल्यासारखे असावे, आणि तिला वाचून दाखवून मग टपालात टाकावे. मी जेवायला थोडा आहे आणि बैलांची वैरण बरोबर आणीन.

आणखी एक : रीतीप्रमाणे मी पहिल्या बोलावण्याला नाही म्हणणार, मग आपण आग्रह करणार, मग मी येणार. पण तीर्थपुरीला टपाल आठवड्याने येते, आणि तेवढ्यात दिवाळी होऊन जाईल. तेव्हा माझा नकार याच पत्रात लिहून ठेवतो: "बोलावणे पोचले, आनंद झाला, परंतु शेतीच्या कामामुळे येणे होत नाही, क्षमा असावी." नकार झाला. आता आपला आग्रह तेवढा बाकी आहे. तो जल्दी पाठवावा, मी गाडीच्या चाकांना वंगण घालून बसलो आहे.