खुडूक कोंबडी आणि सोमनाथची गाडी

हिरा,

तुझा नवरा डिंगोऱ्याला सोमनाथची गाडी ठरवायला गेला आहे. चहा त्याचा त्याने करून घेतला, पातेलंही विसळलं आहे.

‘चालवून बघितल्याशिवाय जुनी मोटरसायकल घ्यायची नाही’ हे तू बजावलेलं त्याच्या पूर्ण लक्षात आहे. काल तो त्यासाठीच गेला होता. पण गाडीच्या बाजूच्या पेटीत कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली आहे. त्याने किल्ली लावताच सोमनाथची आई काठी घेऊन उठली. “पावणं, पिल्लं निघाल्याबिगर गाडी हलायची न्हाई!”

“मावशी, नुसती चालू करून बघतो.”

“तुमच्या कानाशी कुणी फटफट केली, तर तुमी बसाल का अंड्यावर?”

त्याने किल्ली काढून मावशींच्या हातात दिली.

आज आळे गावचं दुसरं गिऱ्हाईक यायचंय, म्हणून घाई. आपल्याकडे मेंढी घेताना आधी मालकाचं घर बघतात. सोमनाथ एका कोंबडीसाठी एसटीने हिंडतोय. अशा घरात गाडीचे हाल झाले नसणार. तेव्हा न चालवताच इसार देऊन तुझा नवरा जेवायला घरी येईल. गाडी येईल पिल्लं निघाल्यावर.

घोडेगावला बहिणीकडे जायचं तू सोडलंस. ‘तिथं आता करमत नाही,’ म्हणतेस. एसटीची पायरी तुझ्या गुडघ्यांना झेपत नाही, हे मला कळतं. काल मी हळूच मागच्या सीटवर बसून बघितलं. कोंबडीने हरकत घेतली नाही. पाय ठेवायची जागा एसटीच्या पायरीपेक्षा पुष्कळ खाली आहे.

तुझा नवरा,
ज्योतिबा