बंदुकीचं सील

आप्पा,

काल सकाळी घरी पोलीस आले होते. एक जमादार आणि त्यांच्या हातात माझी फाईल. तुम्ही असतात तर आधी अंगात सदरा घातला असता आणि मग दार उघडलं असतं. मी बनियनवरच उघडलं. मी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे, त्याची ही चौकशी. तुमच्यासारखी खांद्यावर मिरवायची लांब दुनळी नको आहे मला. लहान हवं, शर्टाखाली कमरेला राहील आणि कुणाला दिसणार नाही असं. माझ्या वयाच्या माणसाला हे कशाला, असं तुमची सून रोज विचारते. गेले दोन महिने एक मोटरसायकल आपल्या बिल्डिंगच्या फाटकाशी येऊन थांबते. हेल्मेट न काढता तो माणूस वर बघतो, फोनवर काहीतरी बोलतो आणि निघून जातो. ती म्हणते, तो चौथ्या मजल्यावर जेवण पोचवणारा आहे. असेलही. पण जेवण आणणारा आमच्या खिडकीकडे कशाला बघेल?

तुमची नात अमेरिकेत असते. फोनवर ती हसली. म्हणाली, बाबा, इथे बंदूक बाळगणं हा हक्क आहे, घटनेतच लिहून ठेवलाय. काही राज्यांत तर लोक पिस्तूल कपड्याखाली खोचून भाजी आणायला जातात, कुणाची परवानगी लागत नाही. मला ते ऐकून हेवाच वाटला. काल जमादारांना मी हे सांगितलं, तर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि गुजरातीत समजावलं, "काका, आपणे त्यां हक नथी, रजा छे." आपल्याकडे हक्क नाही, परवानगी आहे. आणि परवानगी द्यायची तर माणूस कसा आहे हे शेजाऱ्यांना विचारावं लागतं. त्यांनी फाईल उघडली आणि बिल्डिंगमधला सर्वांत जुना शेजारी कोण ते विचारलं. सर्वांत जुने शेजारी नाना आहेत, आपल्या गावचे, मिलच्या गेटवरचे तुमचे जोडीदार. सुरतेत बमरोलीतल्या याच बिल्डिंगमध्ये ते माझ्या दोन मजले खाली राहतात.

तुम्ही शेवटची अकरा वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीत. जिन्यात समोर आले की भिंतीकडे तोंड करून उभे राहायचात, ते खाली उतरून जाईपर्यंत. आई एकदा मध्ये पडली तर तिच्यावर डाफरलात, "त्याना नि मन्हा काही संबंध नही आते." ते का, हे बिल्डिंगमधल्या जुन्या माणसांना सगळं ठाऊक आहे. म्हणजे त्यांना तसं वाटतं.

त्या वर्षीची निवडणूक आठवते. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा नियम आजही आहे. तुम्ही आणि नाना बरोबर गेलात, तुमची दुनळी जमा केलीत. गावाकडे डुकरांपासून पीक राखायला घेतलेली ती बंदूक, खटपट करून तिचा परवाना सुरतेपर्यंत वाढवून घेतलेला, आणि तिच्याच जोरावर पांडेसऱ्याच्या मिलमध्ये गनमॅनची नोकरी मिळालेली. नानांकडे नुसती काठी. निकालानंतर बंदूक परत मिळाली, पण घोड्यातून ओवलेली सुतळी आणि तिच्यावरचं लाखेचं सील तसंच. ते कापणारा हवालदार जागेवर नव्हता. नाना म्हणाले घरी जाऊन कापू, पण तुम्हाला ते पटेना. मी घरी बंदूक पुसायला घेतली तेव्हा सील बघून ब्लेड शोधू लागलो, तर तुम्ही हात धरलात. "सरकारी सील शे. आपुन कसं तोडाव? ज्यानी बांधं त्यानीच सोडाले पायजे." ठाण्यात तुम्ही दोनदा गेलात, दोन्ही वेळा उद्या या म्हणाले. मग तुम्ही बंदुकीला कापडी गलेफ चढवलात आणि दीड महिना तशीच खांद्याला लावून गेटवर उभे राहिलात. तिच्यातून गोळी सुटणार नाही हे तीनच माणसांना माहीत होतं. तुम्ही, नाना आणि मी.

मी तेव्हा त्याच मिलमध्ये कलर किचनला होतो, रंग तोलायच्या खोलीत. कोपरापर्यंत हात कधी निळे, कधी लाल. बारा तासांची पाळी आठ तासांची करा म्हणून बोलणी फिसकटली आणि बाहेर चहाच्या टपरीवर रोज बैठका बसू लागल्या. मी गेलो की सगळे गप्प. बोलणं एकदम क्रिकेटवर. बंदूकवाल्याचा मुलगा, म्हणजे मालकाचा कान, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ज्यांच्या डब्यातलं मी खाल्लं होतं ते माझ्यासमोर डबा उघडेनात. आप्पा, तो त्रास मला सहन झाला नाही. मी शेठचा माणूस नाही हे त्यांना कसं पटवू, याशिवाय डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मग तो दिवस. दुपारी पाळी बदलताना सगळे फाटकावर चालून आले. मी मागच्या रांगेत आहे, तुम्हाला दिसत नाही. मॅनेजर आतून ओरडतोय, रोको, रोको. तुम्ही गलेफ काढता आणि बंदूक छातीशी धरता. लोक थांबतात, खरंच थांबतात. आणि मग पुढून कुणीतरी हसत म्हणतं, "चाचा, पहले सील तो तोडो." सगळे हसायला लागतात. मॅनेजर जवळ येऊन सुतळी बघतो. लोक तुम्हाला हातसुद्धा लावत नाहीत, बाजूने आत जातात, जसं खांबाच्या बाजूने जावं. तुम्ही बंदूक तशीच धरून उभे आहात. तुमचा चेहरा मी त्यानंतर कधी विसरलो नाही. नोकरी त्याच संध्याकाळी गेली. बंदूक तुम्ही ठाण्यात कायमची देऊन आलात, सीलसकट. आणि घरी येऊन एवढंच म्हणालात, "नानानीच सांगं." म्हणजे सीलचं नानांनीच बाहेर सांगितलं.

मी तिथेच बसलो होतो. भाकरी खात होतो.

काल जमादारांनी नानांना वर बोलावलं. एकेक पायरी भिंत धरत ते आले. मी नजर चुकवत होतो आणि मनातल्या मनात हिशेब करत होतो, आता हा म्हातारा सगळं उकरून काढणार. काढलं तर अर्ज गेला. आणि त्याने का काढू नये? इतकी वर्षं गावच्या लग्नांत लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. जमादारांनी विचारलं, माणूस कसा आहे? नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "सारो माणस छे साहेब. पेटनी वात पेटमां राखे छे." चांगला माणूस, पोटातली गोष्ट पोटातच ठेवतो, असं जमादारांनी लिहून घेतलं. जाताना दाराशी थांबून नाना मला हळू आवाजात म्हणाले, "तुना बाप ऱ्हाता ते तोबी हाईच सांगता."

तुझा बाप असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं. रात्रभर मी त्या वाक्याचा कीस काढला. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं का? मग ते तुमच्यासमोर गप्प का बसले? की तुम्हालाच ठाऊक होतं, आणि मुलाचं नाव तोंडातून काढण्यापेक्षा तुम्ही मित्र सोडलात? हा संशय मला मोटरसायकलवाल्याच्या संशयापेक्षा जास्त छळतो. तुम्ही नाही, ते सांगणार नाहीत, आणि मी विचारणार नाही.

टपरीवर मीच सांगितलं होतं, आप्पा. बंदुकीला भिऊ नका, तिला सील आहे, म्हणालो. त्या दिवशी त्यांनी मला आपल्यातली भजी दिली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. सांगायचंच असेल तर दोन जिने उतरायला हवेत, आणि नाना दुपारी घरीच असतात. ते करायचं सोडून मी तुम्हाला लिहीत बसलोय, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. अर्जात एक रकाना आहे, जिवाला धोका कोणापासून? मी तिथे लिहिलंय, अनोळखी मोटरसायकलस्वार. ते खरं नाही. गेली पस्तीस वर्षं मी ज्याला घाबरतोय तो माणूस काल आमच्या घरी येऊन चहा न घेता गेला.