डॉलरपुढची तिरकी रेघ

३ मार्च, सोमवार

चाललं! सकाळी सहाच्या ठोक्याला आजच्या सगळ्या पेशंटांना निरोप गेले. काउंटरवर येणारा प्रत्येक जण फोन दाखवत होता — "आले हो बाई, निरोप सुरू झाले."

जुन्या यंत्राची डिस्क मागच्या आठवड्यात गेली आणि तिच्यासोबत ह्यांचा निरोप धाडणारा प्रोग्रामही. पण ह्यांचा विश्वास कागदावर. सगळं छापून फायलीला लावलेलं. शनिवार-रविवार बसून चार पानं मी नव्या यंत्रात टाइप केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हीच करा, तुमचा हात बसलाय." चौथीनंतर शाळा न बघितलेल्या बाईचा हात!

ह्यांना जाऊन नऊ महिने झाले. आज त्यांनी लिहिलेलं पुन्हा कामाला लागलं. डायलिसिसच्या खोलीत बारा यंत्रं घरघरत होती, आणि मला उगाच वाटलं, आतून हाक येईल.

४ मार्च, मंगळवार

कालच्याच लोकांना आज पुन्हा निरोप. दोघांनी फोन करून चेष्टा केली — "रोजच बोलावताय काय, आवडलो वाटतं!" म्हटलं, नवं यंत्र आहे, सांभाळून घ्या.

आजचे लोक सवयीने आले. एक खुर्ची रिकामी होती. मी लक्ष दिलं नाही.

६ मार्च, गुरुवार

ती खुर्ची शिंपीकाकांची.

त्यांचे दिवस याच आठवड्यात बदलले. सोमवारऐवजी मंगळवार. मीच सांगितलं होतं त्यांना — "निरोप आला की या." निरोप आला नाही. ते वाट बघत राहिले. काल संध्याकाळी छातीत पाणी साठलं, श्वास लागला, मोठ्या रुग्णालयात नेलं. अजून नळीवर आहेत.

काकू काउंटरवर आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "कोणी लिहिलं होतं ते? तुमच्या नवऱ्याने ना? मेल्यावरही माणसं मारायला निघाला."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही. ते पाणी मीच प्यायले.

७ मार्च, शुक्रवार

बाहेरून तपासनीस आणला. पोटसुटा, शांत माणूस. तासाभरात सापडलं त्याला. म्हणाला, "मूळ लिहिणाऱ्याची चूक. डॉलरच्या आधी उलटी तिरकी रेघ दिलेली नाही. एकाही ठिकाणी नाही! नवशिकासुद्धा असं करत नाही."

नवशिका! बावीस वर्षं केली त्यांनी ही कामं.

पुढच्या शुक्रवारी अहवाल. त्यात ह्यांचं नाव जाणार. तारखेसकट.

घरी आल्यावर एकच कप तीनदा विसळला.

९ मार्च, रविवार

ह्यांची जुनी पुस्तकं काढली. सकाळपासून वाचतेय. एका जागी बसवत नाही. दोन ओळी वाचायच्या, खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं.

मला कळलं ते असं. ह्यांचा मोठा प्रोग्राम निरोप पाठवतच नाही. तो फक्त दुसरा, छोटा प्रोग्राम लिहून देतो. तो छोटा रोज सकाळी उठून तारीख बघतो आणि त्या दिवशीच्या लोकांना निरोप धाडतो. "तारीख बघ" या हुकमाच्या आधी डॉलरची खूण असते. पण मोठा फार आगाऊ! लिहिता लिहिता डॉलर दिसला की स्वतःच तारीख बघतो आणि "३ मार्च" लिहून मोकळा होतो. मग छोट्याचा रोजच ३ मार्च. म्हणूनच सोमवारी सगळं बरोबर चाललं आणि मंगळवारी बिघडलं.

डॉलरपुढे उलटी तिरकी रेघ दिली की मोठा गप्प बसतो. हे तुझ्यासाठी नाही, तसंच पुढे दे.

वन्संसारखं आहे. सासूबाईंना सांगायला त्यांच्याकडे निरोप द्यावा, तर पोचायचा तो वन्संनी लावलेला अर्थ! त्यांच्यापुढेही रेघ द्यायला हवी होती.

एकटीच हसले. खूप दिवसांनी.

११ मार्च, मंगळवार

घरच्या यंत्रावर करून बघतेय. रेघ दिली नाही तर तारीख गोठते. जास्त दिल्या तर छोटासुद्धा तारीख बघत नाही, डॉलरसकट सगळा हुकूमच पडद्यावर छापून देतो. मोजूनमापून द्यावी लागते.

हे ह्यांना माहीत नव्हतं? शक्यच नाही.

१२ मार्च, बुधवार

कागद बघितले. मूळ छापील कागद, फाइल उघडून, खिडकीशी धरून.

डॉलरपुढे रेघा आहेत. छापलेल्या नाहीत, पेन्सिलीच्या. छापल्यानंतर चूक सापडली असणार. यंत्रात दुरुस्त केली आणि कागदावर पेन्सिलीने.

मी बघितल्या होत्या त्या! टाइप करताना डोळ्यांसमोर होत्या. पण ह्यांची सवयच, काहीही तपासलं की पेन्सिलीने बारीक तिरकी रेघ मारायचे. विजेच्या बिलावर, वाण्याच्या यादीवर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. सव्वीस वर्षं बघत आले. मला वाटलं, तपासल्याच्या खुणा.

मी गाळल्या. सगळ्या. मीच.

१३ मार्च, गुरुवार

वन्सं आल्या. त्यांना सांगितलं, कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"तोंड उघडू नकोस वहिनी. दादाची नोकरी आता कोण काढून घेणार आहे? तुझी जाईल."

"त्यांचं नाव जातंय त्याचं काय?"

"त्याला ऐकू येतंय का?"

मग स्वतःच डोळे पुसायला लागल्या. त्यांचा भाऊ. मी चहा टाकला, साखर विसरले. दोघींनी तसाच प्यायला.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं. फाइल पुढे ठेवली, एकेक रेघ दाखवली. लेखी दिलं — सगळी चूक माझी, मूळ लिहिणाऱ्याची नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, अहवाल तयार होता. कशाला सांगितलंत?"

"तयार होता म्हणूनच."

तपासनीसाने चष्मा वर करून पानं चाळली. "बाई, या खुणांना कोणीही फसलं असतं." मग आपलं वाक्य खोडलं आणि मला वाचून दाखवून नवं लिहिलं — मूळ काम चोख होतं. चोख! मी त्याला ते परत वाचायला लावलं.

माझं काउंटरचं काम बंद. चौकशी समिती बसेपर्यंत मागच्या खोलीत कागद लावायचे. मूळ फाइलही समितीला हवी आहे, सोमवारी द्यायची. तोवर तिच्यावरून टाइप करून मीच दुरुस्त करते म्हटलं. "आधी घरी तपासा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिथून रुग्णालयात. शिंपीकाकांची नळी निघाली आहे. आवाज खोल गेलाय. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाह्या उलट्या जोडल्यात म्हणायच्या. आम्हीही जोडल्यात. पण आमचं उसवता येतं."



काकू खाली बघत म्हणाल्या, "त्यांना मी फार बोलले हो. आता घरी जाऊन त्यांच्या फोटोची माफी मागा माझ्या वतीने."

मागितली.

१५ मार्च, शनिवार

कागदावरच्या सगळ्या रेघा घालून मोठा प्रोग्राम पुन्हा टाइप केला. त्याच्याकडून छोटा लिहून घेतला. निरोप बाहेर जाणार नाहीत, फक्त पडद्यावर उमटतील. शिंपीकाकांचा बदललेला दिवस म्हणून उद्याची तारीख घातली. तारीख बदलल्याशिवाय खरं कळायचं नाही, म्हणून चालवायचा उद्या.

बरं वाटतंय. जेवले.

१६ मार्च, रविवार

चालवला. सगळी नावं बरोबर आली. शिंपीकाकांचं आलं नाही.

चौथं पान. दिवस बदललेल्या पेशंटांचा भाग. हा ह्यांनी शेवटच्या महिन्यात घातला, पलंगावर उशीला टेकून. शिंपीकाकांच्या आधी कोणाचा दिवस बदललाच नाही, त्यामुळे तो कधी वापरला गेला नव्हता. तिथल्या डॉलरपुढे रेघ नाही. पुसलेलीही नाही. भिंग लावून बघितलं.

म्हणजे मी एकूण एक रेघ टाइप केली असती, तरी काकांना निरोप गेला नसता.

यंत्रात ती रेघ घातली. मग पेन्सिलीला टोक केलं आणि कागदावरही मारली. ह्यांच्यासारखीच, बारीक.

फाइल पिशवीत ठेवली आहे. उद्या समितीला द्यायची.