मागे ठीक आहे

१ ऑगस्ट, शुक्रवार. पिनर, लंडन.
उद्या कॉर्नवॉलला निघायचे. राजीवने जुनी मोटरहोम घेतली आहे. घरात असते ते सगळे तिच्यात आहे, संडाससुद्धा. तिथल्या अरुंद रस्त्यांवर एवढे धूड जात नाही, म्हणून माझी लाल गाडी लोखंडी दांड्याने मागे बांधून न्यायची. पोचल्यावर ती कोण चालवणार, हे कोणी बोलले नाही. त्यात बोलायचे काय. गाडी माझी.

सप्टेंबरात लायसन्स रिन्यू करायचे आहे. राजीव म्हणतो, बाबा, एकोणऐंशी झाली, आता पुरे, गाडी तनूला द्या. नात मे महिन्यात टेस्ट पास झाली, तेव्हापासून हे चालले आहे. मी म्हटले, ट्रिपनंतर बोलू.

निश्चय: ट्रिपभर एकही चूक करायची नाही. म्हणजे विषयच निघणार नाही.

आशाला सांगितले. ही म्हणाली, कौन्सिलचा कचऱ्याचा बिन इतकी वर्षे त्याच जागी आहे, तो फक्त तुमच्याच गाडीला आडवा येतो.

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळ.
हिने दोन्ही गाड्यांना हळदकुंकू लावले. माझ्या गाडीला जरा जास्तच.

मला महत्त्वाचे काम दिले आहे. पुढे एक स्क्रीन आहे, त्यात मागच्या कॅमेऱ्यातून माझी गाडी दिसते. तिच्यावर नजर ठेवायची आणि अधूनमधून ‘मागे ठीक आहे’ म्हणायचे. राजीव म्हणाला, बाबा, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. तनू हसली. कशाला, ते कळले नाही.

गाडीत कोणी नाही आणि स्टिअरिंग आपोआप फिरते. वळणावर बरोबर वळते. बघवत नाही. सीटवर नुसती माझी उशी. (उशी पाठीसाठी. उंचीचा प्रश्न नाही.)

दुपार.
हायवेवरच्या सर्व्हिसेसला थांबलो. बाकीचे कॉफीला गेले. मी गाडी तपासली तर हॅन्डब्रेक खाली. उभी गाडी, आणि हॅन्डब्रेक नाही. आयुष्यात असे कधी केले नाही. ओढला.

संध्याकाळ.
पुढे स्क्रीनवर गाडीमागे धुके दिसू लागले. इंग्लंडात धुके काही नवीन नाही. मी ‘मागे ठीक आहे’ म्हणत होतो. मागून एक लॉरीवाला सारखा लाइट मारत होता, त्याला मी स्क्रीनवरच हात केला. जळका वास आला तेव्हा हिला विचारले, गॅसवर काही ठेवलेस का. ही म्हणाली, चालत्या गाडीत काय ठेवू, तुमचे डोके? मग राजीवने गाडी कडेला घेतली.

मागचे दोन्ही टायर गेले. राजीव म्हणाला, हॅन्डब्रेकला कोणी हात लावला होता का. मी म्हटले, खड्ड्यांनी वर आला असेल. येतो कधी कधी.

ही चूक धरायची नाही. सवय होती. सवय म्हणजे चूक नव्हे.

४ ऑगस्ट, सोमवार. कॉर्नवॉल.
नवे टायर बसले. समुद्रावर गेलो. गाडी तनूने चालवली. मीच म्हटले, चालव, सराव होईल. म्हणजे तिने किल्ली घेतल्यावर म्हटले. मी मागे, मांडीवर कूलबॉक्स. स्वतःच्या गाडीत मागे कधी बसलो नव्हतो. पाय मावत नाहीत.

उतारावर मी पाय दाबत होतो. तनू म्हणाली, आजोबा, तिकडे ब्रेक नाही आहे.

६ ऑगस्ट, बुधवार.
आज दुसऱ्या साइटवर जायचे होते. फोन लांबून नेत होता. मी नकाशा बघून जवळचा रस्ता सांगितला. रस्ता होता. रुंद नव्हता. दोन्ही बाजूंना डोक्यावरून झुडपे आणि समोर ट्रॅक्टर. मागे गाडी बांधलेली असताना रिव्हर्स घेता येत नाही, हे राजीवने आधीच सांगितले होते म्हणे. मला आठवत नाही.

गाडी सोडवावी लागली. राजीव म्हणाला, तनू, तू ही मागे ने. तोवर मी आत जाऊन बसलो होतो. दाखवून द्यायची हीच वेळ होती.

मी व्यवस्थित मागे नेत होतो. चर मागे नव्हताच, बाजूला होता.

ट्रॅक्टरवाल्याने साखळी लावून गाडी ओढून काढली. चांगला माणूस. म्हणाला, नॉट टु वरी, ग्रँडॅड. मी म्हटले, नॉट वरीड. किल्ली दोनदा खाली पडली ती थंडीने. ऑगस्टात इथे थंडी असतेच.

मग तनूने गाडी थेट मोठ्या रस्त्यापर्यंत उलटी नेली. तोंडात सँडविच. हिने टाळ्या वाजवल्या. निदान बायकोने तरी दम धरायचा.

७ ऑगस्ट, गुरुवार.
राजीव रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते, मला उत्तर तयार होते. स्वतः चहा करून दिला. बिस्किटेही बशीत काढून दिली. लक्षण चांगले नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार.
तनूला इथल्या एका कॅफेत सुट्टीपुरते काम मिळाले. मैत्रिणीकडे राहणार. कॅफे लांब, बस धड नाही. हे सांगून झाल्यावर सगळे आपापल्या कपात बघत बसले. शेवटी मीच म्हटले, गाडी ठेव. महिनाभर.

राजीव म्हणाला, थँक यू, बाबा. महिन्याचे काही बोलला नाही.

तनूने सीट मागे सरकवली. माझी उशी काढली, झटकली आणि दोन्ही हातांनी आणून दिली. म्हणाली, आजोबा, तुमचा उशी. मग मिठी मारली. उशी मध्ये होती.

९ ऑगस्ट, शनिवार. परतीचा प्रवास.
मी पुढेच बसलो, उशीवर. स्क्रीन चालू. सर्व्हिसेसला सवयीने मागे जाऊन आलो. नुसता हूक होता.

निश्चय: लायसन्स रिन्यू करायचे. गाडी नसली तरी लायसन्स असावे.

बराच वेळ गेल्यावर राजीव म्हणाला, बाबा, आता मागे काही नाही. तेव्हा कळले की मी अजून ‘मागे ठीक आहे’ म्हणतो आहे. मी म्हटले, काही नाही, म्हणूनच ठीक आहे. ही झोपल्यासारखी बसली होती, झोपली नव्हती.

बेसिंगस्टोक मागे पडल्यावर त्याने विचारले, स्क्रीन बंद करू का.

नको म्हटले. रस्ता दिसतो.