कडू तेवढं कळतं

सापगाव, ता. शहापूर
९ जुलै २०२४

ती. आक्कांस,
ललिताचा शि. सा. न. वि. वि.

शनिवारी यांची कॅन्सरवरची किरणांनी शेकण्याची शेवटची पाळी झाली आणि आम्ही घरी आलो. गालाची जखम भरली आहे. तोंड मात्र बोटभरच उघडतं, आणि बोलणं मला आणि हर्षालीलाच काय ते समजतं. ऑपरेशनमध्ये मान कापली तेव्हा तिथली शीर गेली म्हणतात, त्यामुळे उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

तुम्ही विचारलंत, जेवतो का. आक्का, खरं सांगते, जेवत नाहीत. कशालाच चव नाही. वरण दिलं तर माती म्हणतात, दूध दिलं तर चुना म्हणतात. चिडतसुद्धा नाहीत, वाटी नुसती पुढे सरकवतात. मला वाटतं चिडले असते तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मात्र घडली ती कळवते. दवाखान्यात पलीकडच्या खाटेवर मद्रासकडचा माणूस होता. त्याच्या बायकोने एक दिवस थर्मासच्या झाकणात यांना काळी कॉफी दिली. यांनी घोट घेतला आणि डोळे मिटून बसले. मी घाबरले, म्हटलं तोंड भाजलं की काय. तर म्हणाले, कडू लागतंय. आणि डोळ्यांतून पाणी. दोन महिन्यांत, असतं तसंच तोंडाला लागलेलं हे पहिलं. मग त्याच्या मागून त्यांनी अर्धी वाटी पेज घेतली. तिथल्या आहाराच्या बाई म्हणाल्या, कॉफीने पोट भरत नाही, पण तिच्यामागून पेज जात असेल तर खुशाल द्या, निववून द्या.

घरी आल्यावर मी दुकानातली पुडीची कॉफी करून पाहिली. ती नको म्हणाले, धुराचं पाणी आहे. त्या मद्रासकडच्या बाईंनी सांगितलं होतं की खरी भुकटी असते, ती गाळून काढायची, त्याचं यंत्र मिळतं. तर आता आम्ही कॉफीचं यंत्र शोधतो आहोत. हसू नका.

भावजींना नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
ललिता


नारिवली, ता. मुरबाड
१७ जुलै २०२४

चि. सौ. ललितास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. संजू म्हणतो, आई, आता कोण पत्र लिहितं, मामीला मेसेज टाक. फोनवर मला ऐकू येत नाय आणि मेसेज त्याच्या फोनवर येणार, म्हणजे माझ्याआधी सगळं घर वाचणार. माझे कान गेले, डोळे शाबूत आहेत. तू पत्रच लिहीत जा.

हसले नाय गो. पण तुला बघायला आलो होतो तेव्हा तुझ्या आईने कॉफी केली होती, जायफळ घातलेली. सुरेंद्रने कोणाचं लक्ष नाय बघून ती माझ्या कपात ओतली. मी दोन कप प्याले आणि घरी येईस्तोवर पोट धरून बसले. आता तोच कॉफी मागतोय.

यंत्रातलं मला काय कळत नाय. एक सांगते. तू करून देशील असं घेऊ नको, त्याला स्वतःला करता येईल असं घे. तो मागून खाणारा नाय. लहान होता तेव्हा तहान लागली तरी बोलायचा नाय, हंड्याजवळ जाऊन उभा राहायचा. आमी समजून घ्यायचं. तू दिवसभर अंगणवाडीत, हर्षाली कॉलेजात. तो कोणाला सांगणार आणि ते कोणाला कळणार.

इकडे लावणी आवरली. म्हैस व्याली, रेडा झाला. पोरीला आशीर्वाद.

आक्का


सापगाव
११ ऑगस्ट २०२४

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र आलं. तुमचं वाक्य डोक्यात धरूनच निवडलं.

हर्षालीने मोबाइलवर ढीगभर दाखवली. एक गॅसवर ठेवायचं, अॅल्युमिनियमचं, कमरेत आवळायचं. ते यांच्या हाताने आवळलं गेलं नसतं. एक वाफेचं, त्याचा दांडा फिरवून घट्ट बसवायला पैलवान लागेल. एकाला बटणंच नाहीत, काचेवर बोट ठेवायचं, ते यांनी स्वतःच नको म्हटलं. स्टीलचं साधं फिल्टर मला आवडलं होतं, पण त्यात उकळतं पाणी वरून ओतायचं, आणि ओट्यावरून पातेलं उचलताना यांचा हात मध्येच सुटतो. शेवटी शहापुरात बाजारपेठेतल्या दुकानात, मिक्सरच्या खोक्यांमागे एक सापडलं. मागे पाणी ओतायचं, वरच्या टोपलीत गाळायचा कागद ठेवून भुकटी घालायची, एकच बटण खाली दाबायचं. पाणी आपलं आपण तापतं आणि खालच्या काचेच्या भांड्यात कॉफी थेंब थेंब पडते. दुकानदार म्हणाला, हे कोणी नेत नाही, तुम्हाला खरंच हवंय ना.

ओट्यावर न ठेवता मी ते दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर ठेवलं. हे डाव्या हाताने सगळं करतात. भुकटी सांडते, पुसतात. मग खुर्ची ओढून समोर बसतात आणि भांड्यात रंग चढताना बघत राहतात. भुकटी कल्याणहून आणतो, तिथला दुकानदार देताना विचारतो, यंत्र कुठलं, आणि त्याप्रमाणे दळून देतो. दुसरीकडून आणली ती फार बारीक निघाली, टोपली तुंबली आणि कॉफी स्टुलावरून जमिनीवर. हे हसले. आक्का, तोंड उघडत नाही, पण खांदे हलले म्हणून मला कळलं.

त्रासही आहे. वीज गेली की अर्ध्यात थांबतं. बोरिंगच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, तो लिंबाने काढावा लागतो. दोन कपांहून कमी केली तर पाणचट होते, म्हणून एक कप माझ्या वाट्याला येतो. गाळायचे कागद संपत आले आहेत, ते इथे मिळत नाहीत.

पण पेज जाते आहे. परवा तर अंड्याचं पिवळंही गेलं.

असाच जीव लावत राहा.

ललिता


नारिवली
२५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. ललितास,
अनेक आशीर्वाद.

संजूबरोबर पुडकं पाठवते आहे. तुझ्या भावजींच्या जुन्या मलमलच्या सदऱ्याच्या पिशव्या शिवल्यात, टोपलीच्या आकाराच्या. तू माप दोरीने पाठवलंस ते बरं केलंस. धुवायच्या आणि वाळवायच्या, साबण लावायचा नाय, नायतर कॉफीला साबणाचा वास येईल. भावजी विचारतात, माझ्या सदऱ्यातून गाळलेलं तो पिणार का. सांग त्याला, धुतलाय.

अंड्याचं वाचून मी देवापुढे साखर ठेवली.

आक्का


सापगाव
२ डिसेंबर २०२४

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तब्येतीचं लिहायला उशीर केला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. दिवाळीनंतर यांच्या जिभेच्या मुळाशी पुन्हा गाठ आली. तुकडा काढून तपासला. तोच आजार आहे.

मोठे डॉक्टर म्हणतात, आता जीभ आणि खालचा जबडा काढावा लागेल. पुढे तोंडाने काही घेता येणार नाही, पोटात नळी बसवायची आणि तिच्यातून पातळ अन्न. बोलणंही जाईल. मी विचारलं, मग बरे होतील ना. ते म्हणाले, खात्री देता येत नाही, काही महिने जास्त मिळतील, कदाचित वर्ष. न केलं तर उन्हाळा धरून चालू नका.

यांनी तिथेच नको म्हणून मान हलवली. घरी आल्यावर मी खूप बोलले, हर्षाली रडली. हे एवढंच म्हणाले, जिभेवर एक गोष्ट अजून लागते, ती असताना जीभ नाय देणार.

तुम्ही मोठ्या. काय करावं ते सांगा.

ललिता


नारिवली
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. ललितास,
आशीर्वाद.

पत्र वाचल्यापासून माझ्या हातून काम होत नाय. त्याला ऑपरेशनला ने. तो नको म्हणेल, तू ऐकू नको. माणूस नळीने जेवला तरी माणूस असतो. न बोलता खाटेवर पडून राहिला तरी माझा भाऊ आहे, मी येऊन त्याचं तोंड बघू शकते. कॉफीच्या पेल्यासाठी कोणी जीव सोडतं का? ते यंत्र घरात आणलंच नसतं तर त्याने गुमान ऐकलं असतं. तुलाच त्याचं कौतुक झालं.

पोरीचं तरी बघ. यापुढे मला काय लिहायचं नाय.

आक्का


सापगाव
१५ डिसेंबर २०२४

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांना दाखवलं नाही. मला लागलं, पण राग नाही आला. कारण तुम्ही लिहिलंत तेच माझ्याही मनात आलं होतं.

पत्र आलं त्याच दिवशी मी यंत्र उचलून माळ्यावर ठेवलं. म्हटलं, चव गेली की हट्टही जाईल. यांनी दुपारी येऊन रिकामं स्टूल पाहिलं. खुर्ची ओढली आणि रोजच्यासारखे स्टुलासमोर बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. पेज दिली ती तशीच राहिली. तुम्ही मागे हंड्याचं लिहिलं होतं, ते तेव्हा मला कळलं. तिसऱ्या दिवशी हर्षालीने शिडी लावली आणि मला न विचारता ते खाली आणलं. मी अडवलं नाही.

आक्का, मी त्यांना वाचवू शकत असते तर दहा यंत्रं फोडली असती. पण डॉक्टर वाचवतो म्हणत नाहीत, लांबवतो म्हणतात. आणि लांबवायचं ते यांचं आहे, आपलं नाही. मी त्यांना सांगितलं आहे की मी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढणार नाही. ते ऐकून त्यांना इतकी शांत झोप लागली की मी बघत बसले.

तुम्ही या. भांडायला या हवं तर, पण या.

ललिता


नारिवली
६ जानेवारी २०२५

चि. सौ. ललितास,
अनेक आशीर्वाद.

संजू आणि मी सुखरूप पोचलो. निघताना तुझ्याशी धड बोलले नाय, म्हणून लिहिते.

मी भांडायलाच आले होते. एसटीत सगळं मनात जुळवत आले. पण तू अंगणवाडीत, संजू आटगावला कामाला गेला, आणि घरात आमी दोघंच. त्याचं बोलणं कोणाला समजत नाय आणि माझ्या कानाला कोणाचंच समजत नाय. भांडणार कसं? त्याने मला हाताने बस म्हटलं. मग डाव्या हाताने मागे पाणी ओतलं, थोडं सांडलं. मी उठायला गेले तर डोळे वटारले. मी शिवलेली पिशवी त्याने टोपलीत नीट बसवली, कडेने बोट फिरवून. बटण दाबलं. आमी दोघं थेंब बघत बसलो. केवढा वेळ गेला.

पहिला कप त्याने मला दिला. आपला निवत ठेवला. ललिता, इतकं वाईट मी जन्मात काय प्याले नाय. कडूजहर. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सगळा कप संपवला. मग तो चमच्याने पिऊ लागला, हनुवटीखाली टॉवेल धरून. एकेक चमचा तोंडात धरून ठेवत होता. गिळायची घाई नाय. त्याचं ते तोंड मी लहानपणी पाहिलं होतं तसं होतं. मला ऑपरेशनचं बोलवेना.

तू केलंस ते बरोबर की चूक, मला नाय कळत. तुझ्यावर राग नाय एवढं कळतं.

आक्का


नारिवली
१६ मार्च २०२५

चि. ललितास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

सवयीने सौ. लिहायला गेले आणि पेन थांबलं. त्या जागी लोक दुसरं लिहितात, ते मी तुला लिहिणार नाय. नुसती ललिता पुरे.

तेराव्यानंतर घरी आले खरी, पण मन तिकडेच आहे. बायका येतात, तोंड हलवतात, मी मान डोलवते. तू सांगितलंस की शेवटच्या दिवसांत घोट गिळता येईना तेव्हा कापसाच्या बोळ्याने त्याच्या जिभेला कॉफी लावत होतीस आणि तो जीभ पुढे करत होता. ते तू मला कागदावर लिहून दाखवलंस. तो कागद मी ठेवलाय.

जेवत जा. हर्षालीला जवळ घेऊन झोप.

आक्का


सापगाव
४ एप्रिल २०२५

ती. आक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नुसतं ललिता वाचून बरं वाटलं.

हे गेल्यावर माझं डोकं दुखायला लागलं. साधं नाही, कपाळ फुटेल असं. हातपाय गळालेले. सगळ्या म्हणाल्या, रडून होतं, दुःखाचं आहे. मलाही तसंच वाटलं. शेवटी उपकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी सगळं विचारलं आणि म्हणाल्या, रोज घेत होतात असं काही एकदम बंद केलंत का, चहा-कॉफी? मी म्हटलं, मी कुठे कॉफी पिणारी, ती यांची. घरी येताना रस्त्यात उमगलं. यांच्याबरोबर तो दुसरा कप मी रोज दोनदा पीत होते. टाकवत नाही म्हणून. मला कधी आवडली नाही. पण अंगाला तिची सवय लागली आणि मला पत्ताच नाही.

यंत्र धुऊन ठेवलेलं होतं. मी लावलं. भांडं भरलं तेव्हा एकच कप घेतला. यांच्यासमोर मी कधी साखर घातली नाही. त्यांना गोड लागत नव्हतं, मग मी त्यांच्यादेखत गोड कसं प्यायचं. तशीच कडू गिळायची. त्या दिवशी कप तोंडाला लावला आणि उठून साखरेचा डबा काढला. दोन चमचे घातले.

आक्का, ती चांगली लागली. फार चांगली लागली. आणि मग मला सोसेना. ओट्याला धरून उभी राहिले आणि त्यांच्यामागे पहिल्यांदा मोठ्याने रडले. डोकं मात्र संध्याकाळी उतरलं.

आता रोज करते. साखर घालते आणि प्रत्येक वेळी वाटतं की काहीतरी चुकतंय. तुम्हीच सांगा.

ललिता


नारिवली
१२ एप्रिल २०२५

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद.

काय चुकत नाय. साखर घाल. तो असता तर त्याने डबा तुझ्यापुढे सरकवला असता, आणि तोंडाने काय बोलला नसता.

हर्षालीची परीक्षा संपली की दोघी इकडे या. चार दिवस नाय, चांगल्या पाऊस लागेपर्यंत राहा. संजू न्यायला येईल. यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून आण, काचेचं भांडं मांडीवर घे. पडवीत विजेच्या बटणाजवळ जागा करून ठेवते. मी पिणार नाय, आताच सांगते. पण सकाळी तू लाव. घरात कोण आलं, कोण उठलं, मला ऐकू येत नाय. वासाने कळेल की तू उठलीस.

वाट बघते.

आक्का