पोट लहान करून घेतल्यावर

बाबा, मी माझं पोट लहान करून घेतलं. तुमच्यासमोर बसून हे सांगायची माझी छाती झाली नसती. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वारज्याच्या या फ्लॅटमध्ये भरदुपारी एकटा लिहायला बसलोय तर वाटतं, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारताय, "म्हणजे? कापलं का बे?" हो, कापलं. वरचा जेमतेम लिंबाएवढा भाग ठेवला, बाकीचं पोट त्यापासून वेगळं केलं आणि त्या लिंबाला खालचं आतडं आणून जोडलं. लहानपणी भंडाऱ्याकडच्या त्या गावात दुसऱ्यांची जेवणं उरकायची वाट बघत तुम्ही दाराबाहेर बसायचात. आणि तुमच्या मुलाने भूक मरावी म्हणून ऑपरेशन करून घेतलं. लिहितानाही लाज वाटते.

आपल्या कर्वेनगरच्या दोन खोल्या आठवतात. तुम्ही कचेरीतून येता, शर्ट खुंटीला लावता आणि हातपाय धुवायच्या आधी आईला विचारता, "पोट्टा जेवला का?" मी जेवलेला असलो तरी तुमच्याबरोबर पुन्हा बसायचं, हे ठरलेलंच. तुमच्या ताटातली भाकरी मोडून माझ्या ताटात यायची. कारकुनाचा मुलगा बघा कसा गुबगुबीत, असं शेजारच्या बायका म्हणायच्या आणि तुमची मान ताठ व्हायची. त्या बाबतीत रागावलात एकदाच. मी भात अर्धा टाकून उठलो होतो. तुम्ही ओरडला नाहीत. माझं ताट ओढून घेतलंत, तो गार भात शेवटच्या शितापर्यंत खाल्लात आणि म्हणालात, "अन्न टाकाचं नाही. पोटात गेलेलं कोणी हिसकावून घेत नाही." त्यानंतर मी ताटात काही टाकलं नाही. वजनकाट्याने माझ्यापुढे हात टेकले तेव्हाही नाही.

साखर तुमच्याकडून आली, गुडघेही तुमचेच. तुम्ही पायाची जखम लपवलीत. ऐन मे महिन्यात घरातही मोजे घालून बसायचात आणि आम्ही तुमची थट्टा करायचो. आईला वासावरून कळलं तेव्हा पाय वाचवायची वेळ गेली होती, आणि पायामागून तुम्हीही गेलात. मी असं करणार नाही, असं मी तेव्हा ठरवलं होतं. म्हणून गुडघे बोलायला लागल्यावर सरळ डॉक्टर गाठला. रक्त, हृदय, झोपेतला श्वास, सगळं तपासलं. मानसोपचारवाल्या बाईंनी विचारलं, "दुःख झालं की खाता का?" मी म्हणालो, आनंद झाला तरी खातो, आमच्याकडे दुसरं काही करायची पद्धत नाही. त्या हसल्या नाहीत. मग यकृत थोडं आक्रसावं म्हणून ऑपरेशनआधी काही आठवडे नुसतं पातळ: सूप, ताक, प्रोटीनची पावडर. सर्जननी मला आणि बायकोला समोर बसवून काय काय बिघडू शकतं ते सांगितलं. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायातली गुठळी फुप्फुसात जाणं. आवाज इतका शांत की आम्हालाच वाटलं, हे दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय. शेवटी म्हणाले, "ऑपरेशन काही तासांचं, ते आमचं. पुढचं जन्मभराचं, ते तुमचं." मला ते वाक्य फार आवडलं होतं. घरी येताना गाडीत मी ते दोनदा म्हणून दाखवलं.

आत थंडी फार होती. तोंडावर मास्क आला, कुणीतरी म्हणालं, "मोठा श्वास घ्या सर," आणि मला तुमचा शेवटच्या दिवसातला श्वास ऐकू आला. भीती वाटली, खूप वाटली, पण सांगायला वेळच मिळाला नाही. जागा झालो तेव्हा पोटावर चार-पाच बारीक भोकं होती आणि गुठळी होऊ नये म्हणून दोन्ही पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या आपोआप फुगत होत्या, सैल पडत होत्या. संध्याकाळीच सिस्टरने उठवून चालवलं. "चला, हे हॉटेल नाही लोळत पडायला." प्यायला औषधाच्या झाकणातून पाणी, तेही घोट घोट. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या पेशंटचं जेवण आलं. वरणाचा वास आला, तुपाचाही. माझ्या पोटात काही हललं नाही. जन्मात पहिल्यांदा अन्नाचा वास आला आणि भूक लागली नाही. सगळे म्हणाले, अभिनंदन. मला मात्र घरातलं कुणीतरी न सांगता निघून गेल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर आधी पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी नाही, गोड नाही, व्हिटॅमिनच्या गोळ्या कायमच्या. आहारतज्ज्ञ मुलगी तुमची नात शोभावी एवढी, पण जीभ अस्सल पुणेरी. "सर, पोट आम्ही लहान केलंय, जीभ आहे तेवढीच आहे. तिच्याकडे आपण लक्ष द्या." आणि जाता जाता बजावलं, "उलट्या होत राहिल्या तर त्याच दिवशी यायचं. वाट बघत बसायचं नाही. अंगातलं व्हिटॅमिन संपलं की थेट नसांवर आणि डोळ्यांवर येतं."

वैशाख पौर्णिमेला आम्ही अजून तुमच्यासारखीच खीर करतो, मोठ्या पातेल्यात, आणि सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतो. हाडं दिसायला लागलेल्या सिद्धार्थाला सुजाताने खीर दिली, ही गोष्ट तुम्ही दर वर्षी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगायचात. या वेळी तळमजल्यावरच्या आजींनी पहिली वाटी माझ्याच हातात परत दिली. "आधी तुम्ही घ्या हो. किती वाळलात!" त्या दिवशीच्या खिरीला नाही कसं म्हणायचं? मी अख्खी वाटी खाल्ली. थोड्याच वेळात दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पायाखालची फरशी हलली. आजी म्हणाल्या, ऊन लागलं. मीही म्हणालो, ऊन लागलं.

खिरीचं मी समजू शकतो, ती चूक माझी. पण त्यानंतर मऊ भातही पोटात राहीना. मग वरणही वर यायला लागलं. जेवून उठतो, बाथरूममध्ये जातो, नळ सोडतो. बायको बाहेरून विचारते, "अहो, जेवलात ना नीट?" जेवलो, म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. काय सांगू तिला? तुमच्या घरात वाढलेल्या माणसाने रोज दोन वेळा अन्न मोरीत ओतायचं, हे कुणाला सांगायचं? गोळ्याही त्याच वाटेने जातात. लोक मात्र खूश आहेत. वाघोलीच्या कॉलेजात सहकारी विचारतात, सर, डाएट काय करता? मी हसतो. गेल्या आठवड्यात शिकवताना खडू दोनदा हातातून पडला. बोटांना मुंग्या येतात, पायांनाही. जिना उतरताना भिंतीला हात लावतो, आणि कुणी बघत असेल तर मोबाइल बघतोय असं दाखवून थांबतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच इतकं सरळ लिहिता आलं. ज्याला सांगून काही होणार नाही त्यालाच सगळं सांगून बसलोय, हे कळतंय मला. बायको थोड्या वेळात येईल, आल्या आल्या जेवणाचं विचारेल. उठून तिच्या हातात हा कागद द्यावा, एवढंच करायचं आहे. पण कालपासून एक नवीनच सुरू झालंय, बाबा. समोरची प्रत्येक ओळ मला दोनदा दिसते. हे सगळं मी एक डोळा झाकून लिहिलंय.