पाच कप साखर

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

तुला आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, भट्टी धुमसते, दोघींचंही वय झालं. यांना जाऊन आठ महिने झाले. बेकरीतल्या वरच्या फळीवरचे डबे मी खाली घेतलेत. तिथवर हात यांचाच पोचायचा.

परवा तुझ्या लेकीचा फोन आला. "मोठी काकू, काकांच्या साध्या केकचं माप दे ना. पण कपात सांग हं, माझ्याकडे काटा नाही." मी "कळवते" म्हणून फोन ठेवला. माप मला तोंडपाठ आहे. पण कपात म्हटल्यावर जीभच उचलेना.

तुला आठवतंच असेल. काटा बिघडला, हे तो दुरुस्तीला घेऊन गेले, आणि लग्नाचे चाळीस केक तुझ्या-माझ्यावर आले. तू भट्टीवर नवीन, चारच महिने झालेले. काटा अडायला लागला होता पण अजून चालत होता, तेव्हाच मी सगळी वजनं कपात उतरवून कागद भिंतीला लावला होता. एका घाण्याला सहाशे ग्रॅम साखर, म्हणजे पाच कप. तू पाच कप घातलेस. केक मधे बसले, वरून करपले, साच्याला चिकटले.

हे परत आले आणि सगळ्या कामगारांसमोर तुला म्हणाले, "पाचपर्यंत मोजताही येत नाही का हिला?"

तू म्हणालीस, "दादा, पाचच घातले. ताईंना विचारा."

मी म्हटलं, "मी तर नीट लिहिलं होतं."

एवढंच म्हटलं. भाऊजी त्याच आठवड्यात तुला घेऊन वेगळे झाले.

चार दिवसांनी काटा आला. मी एकटीच होते. कप भरून ठेवला: एकशेवीस ग्रॅम. मग केकात घालतो ती दाणेदार साखर भरली: दोनशे. माप काढताना मी हाताशी असलेला पिठीसाखरेचा डबा घेतला होता. साखर ती साखर, असं वाटलं. पाच नाही, सपाट भरलेले तीन कप लिहायला हवे होते. तू कागदाप्रमाणेच घातलेस, चुकली नाहीस. कागदच चुकला होता, आणि तो मी फाडून भट्टीत टाकला.

का गप्प बसले? शाळा माझी चौथीपर्यंत. पाव बांधायला आणलेल्या रद्दीतून वाचत वाचत शिकले. बेकरीत लिहिणारी मी एकटी, त्याचा फार तोरा होता मला. दुसरं कारण शोधलं अकरा वर्षं, सापडलं नाही.

अजून एक आहे. जायच्या आदल्या आठवड्यात हे म्हणाले, "धाकटीला उगाच टाकून बोललो मी. ती सांगत होती, तर आधी कागद बघायला हवा होता." मी म्हटलं, "पडा आता, दमाल." आणि उशी नीट केली. तेव्हा सांगितलं असतं तर माणूस थोडा हलका होऊन गेला असता. ते आता कुणाला सांगू?

मंगळवारी कामगारांना सांगून टाकलं. केक जास्त गोड झाला की ते अजून "धाकट्या वहिनींचा हात लागला" म्हणून हसायचे. जुना भट्टीवाला पीठ मळायचा थांबला. म्हणाला, "वहिनी, आम्ही अकरा वर्षं हसलो हो त्यांना." मग दिवसभर माझ्याशी बोलला नाही. बरोबरच केलं.

लेकीचं माप वेगळ्या कागदावर आहे. कुठली साखर, तेही लिहिलंय.

हे पत्र तू भाऊजींना वाचून दाखवू नकोस. माझं काम तुझ्या तोंडून नको. रविवारी सकाळच्या गाडीने मी येते आणि त्यांना स्वतः सांगते. घरात घेतलं नाहीत तर पायरीवर उभी राहून सांगेन, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल.

अकरा वर्षं तुझी गुन्हेगार असलेली,
थोरली